परतूरचा थांबा

जालना जिल्ह्यात तालुके आठ. रेल्वे जाते ती बदनापूर, जालना, घनसावंगी आणि परतूर या चारांतून. अंबड, मंठा, भोकरदन, जाफराबाद आजही रुळाविना आहेत. जालना स्थानकाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते. बदनापूर, रांजणी, पारडगाव, परतूर, सातोना ही नावे मात्र वेळापत्रकाबाहेर क्वचितच दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने सुरू झाला. तो चालवणाऱ्या कंपनीच्या भांडवलावरील परताव्याची हमी निजामाच्या खजिन्याने घेतली होती. परतूरच्या माणसाला परभणीला बाजारहाट करता यावा म्हणून काही हा रूळ पडला नाही. मराठवाड्याचा कापूस मुंबईकडे जावा, हा त्यामागचा मोठा हेतू. मनमाडला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा ब्रॉडगेज रूळ लागे, म्हणून तिथे एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. एक मीटर आणि 1676 मिलिमीटर या दोन रुंदींमधला फरक हमालांच्या पाठीने जवळजवळ शतकभर वाहिला. 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा कुठे तो मिटला.

मालासाठी पडलेल्या रुळावर लोकांनी आपला हक्क हळूहळू सांगितला. जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. तोवर जालना औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत होते. सरकारी नकाशाने या दोन गावांना एकत्र आणण्याआधी आठ दशके पॅसेंजर गाडीने त्यांना जोडले होते. रेल्वेचा कारभारही हात बदलत गेला: 1930 मध्ये निजाम सरकार, 1951 मध्ये मध्य रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे, 2003 पासून नांदेड विभाग.

छोट्या स्थानकाला प्रवाशांखेरीज आणखी एक आधार होता, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. पूर्वी त्यासाठी टोकनचा गोळा असे. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नसे. समोरून गाडी येणार असेल तर एक गाडी लूप लाइनला घ्यायची, दुसरीला वाट द्यायची; प्रवाशांच्या भाषेत ‘क्रॉसिंग पडली’. त्यामुळे गाव लहान असले तरी स्थानक रेल्वेच्या गरजेचे होते. आता छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली आहे. दुसरा रूळ पडल्यावर समोरच्या गाडीसाठी थांबण्याचे कारण उरणार नाही. मग या स्थानकांच्या बाजूने बोलायला उरेल तो फक्त प्रवासी.

आणि त्या प्रवाशाचे अलीकडचे दिवस कठीण गेले आहेत. मार्च 2020 मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मजूर मध्य प्रदेशातल्या घरी जाण्यासाठी रुळाच्या कडेने चालत निघाले. गाड्या बंद आहेत, या समजुतीने दमून रुळावरच झोपले. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. ज्या मार्गावर ते चालत होते, त्याच मार्गावर एरवी पॅसेंजर धावते. गरिबाच्या गाडीचे मोल याहून स्पष्ट कुठे दिसत असेल, असे मला वाटत नाही.

पुढे गाड्या सुरू झाल्या, पण अनेक पॅसेंजरना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले. किमान तिकीट दहाचे तीस रुपये झाले. 2024 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा दहावर आले. दरम्यान 30 डिसेंबर 2023 पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत धावू लागली आणि 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. ती परतूरला थांबत नाही. थांबावी असा माझा आग्रहही नाही. अमृत भारत योजनेच्या यादीत परतूरचे नाव आहे, याचाही आनंद आहे; पण नव्या इमारतीइतकाच सकाळ-संध्याकाळ थांबणाऱ्या साध्या गाडीचा विचार व्हायला हवा.

जपानच्या होक्काइदो बेटावरचे क्यू-शिराताकी हे स्थानक एका शाळकरी मुलीमुळे जगभर गाजले. मार्च 2016 मध्ये शेजारच्या दोन स्थानकांसह ते बंद झाले. तिथे प्रवासीच फारसे उरले नव्हते. आपल्याकडे माणसे आहेत: जालन्याला कॉलेजला जाणारी मुले, दवाखान्याची वाट धरणारे म्हातारे, कामासाठी शहर गाठणारे मजूर. त्यांची गाडी चुकते ती थांबा नसल्यामुळे.

जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. भोकरदनकडे त्यामुळे पहिल्यांदा रूळ येईल. भोकरदनकरांनी स्थानकासोबत थांब्यांची मागणीही आत्ताच लेखी द्यावी. परतूर, रांजणी, बदनापूरकरांना एवढीच विनंती, की प्रवास जवळचा असला तरी तिकीट आपल्या स्थानकावरूनच काढा. थांब्याचा निर्णय घेताना रेल्वे त्या स्थानकाची तिकीटविक्री पाहते.