पंक्चरचें ठिगळ आणि घरांतील काटकसर

आमच्या पिढीला ठिगळाचा कमीपणा कधींच वाटला नाहीं. सदऱ्याला ठिगळ, छत्रीला ठिगळ, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ आणि सायकलच्या ट्यूबला रबराची चकती, अशा रीतीनेंच आमचे संसार उभे राहिले. ज्या सायकलवरून मी तीस वर्षें वाईंतील शाळेंत संस्कृत शिकविण्यास जात असें, तिच्या मागच्या ट्यूबला एके काळीं अकरा ठिगळें होतीं, आणि तीं मी येणाराजाणाराला अभिमानानें दाखवीत असें. हा अभिमान आमच्या घराला एकदां फार महाग पडला. ती हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, मोटारसायकल नाहीं असें घर आतां विरळाच. आणि चाकांत खिळा शिरला म्हणजे टायर दुरुस्त करावा कीं बदलावा, हा प्रश्न बहुधा घरांतील वडील माणसाच्या हिशेबाच्या वहीपाशीं येऊन थांबतो.

आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा रोज पसरणीच्या घाटानें पांचगणीस नोकरीला जातो. सूनबाईही तिकडेच शिकवीत असल्यामुळें त्याच्या मागें बसून जाते. गेल्या वर्षीं त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला पत्र्याचा तुकडा लागून कडेला छेद पडला. गाडी जुन्या पद्धतीची, तारांच्या चाकांची. म्हणजे टायरच्या आंत ट्यूब असलेली. पंक्चर काढणारा गृहस्थ माझा एके काळचा विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, छेद कडेला आहे. इथं ठिगळ टिकत नाही. टायर बदला." मीं टायरवर हात फिरविला, नक्षी शाबूत दिसली. मीं म्हटलें, "अरे, आंतून एक तुकडा लाव आणि ट्यूबला चकती चिकटव. दोन-चार महिने सहज निघतील." पुतण्या कांहीं बोलला नाहीं. घराचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि काकांपुढें शब्द टाकण्याची आमच्या घरांत रीत नाहीं.

नवव्या दिवशीं घाट उतरतांना त्या छेदांतून ट्यूब बाहेर फुगून फाटली. मागचें चाक एकाएकीं डुलूं लागलें. वेग बेताचा होता. मुलानें घाबरून न जातां गति हळूहळू कमी केली व गाडी डोंगराच्या अंगास घेतली; तथापि शेवटीं ती कलंडलीच. त्याला खरचटलें, सूनबाईचें मनगट मोडलें. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास दरी होती, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. प्लास्टरचा खर्च टायरच्या किंमतीहून अधिक झाला. परंतु तो वहींत मांडतांना माझा हात थांबला, तो पैशासाठीं नव्हे.

त्यानंतर आठ-दहा संध्याकाळीं मी त्या विद्यार्थ्याच्या दुकानांत बाकावर जाऊन बसलों. ज्याला आपण शिकविलें त्याच्याकडून शिकण्यास लाज कसली? तेथें जें समजलें तें असें.

इ. स. १८८८ मध्यें बेलफास्ट येथें डनलप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेला टायर बसविला, तेव्हांपासून तत्त्व बदललेलें नाहीं. गाडीचा भार मुख्यतः हवा वाहते, आणि रबराच्या आंत विणलेलें दोऱ्यांचें जाळें त्या हवेला आवळून धरतें. छिद्र बुजवितां येतें. तुटलेला दोरा जोडतां येत नाहीं. शिवाय टायरचा मधला, जमिनीवर टेकणारा भाग जाड असतो, पण दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ असून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत दबतात व सरळ होतात. मोटारसायकलचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५०० फेरे करतें. वाईहून पांचगणी सुमारें १२ किलोमीटर. म्हणजे एका खेपेस ती भिंत ६,००० वेळां वांकते. अशा जागीं ठिगळ कसें टिकावें?

आयुर्वेदांत औषध देण्यापूर्वीं वैद्यानें व्याधि साध्य, याप्य कीं असाध्य हें ठरवावें असें सांगितलें आहे. टायरलाही हीच कसोटी लावावी.

साध्य म्हणजे नक्षीच्या मधल्या भागांत खिळ्यानें पडलेलें सरळ छिद्र, फार तर ६ मिलीमीटर रुंदीचें. ट्यूब असेल तर ती पाण्यांत धरून बुडबुडे पाहावे, जागा कोरडी करून कानशीनें खरवडावी, सोल्यूशन लावून तें सुकूं द्यावें आणि मगच चकती दाबावी. ओल्या सोल्यूशनवर घाईनें बसविलेली चकती लवकर सुटते. मात्र त्याआधीं टायरच्या आंतून जपून हात फिरवून खिळा काढलाच पाहिजे. नाहींतर तोच खिळा दुसऱ्या दिवशीं पुन्हां भोंक पाडतो. ट्यूबलेस टायर असेल तर तो उतरवून आंतून छत्रीच्या आकाराचें रबरी बूच बसवावें; त्याचा दांडा छिद्र भरतो व माथा आंतून चिकटतो.

याप्य म्हणजे पूर्ण बरा न होणारा, पण उपचारानें कांहीं काळ आटोक्यांत राहणारा व्याधि. रस्त्यावर उभ्या उभ्या ट्यूबलेस टायरमध्यें बाहेरून चिकट दोरी खुपसतात, ती या वर्गांतील. तिच्या आधारें सावकाश घरीं यावें आणि टायर आंतून तपासून घ्यावा. तोंपर्यंत खिळा आपल्या हातानें उपटूं नये; पुष्कळदां तोच हवा अडवून धरतो.

असाध्य म्हणजे बाजूच्या भिंतीला किंवा खांद्याला पडलेला छेद, उघडे पडलेले दोरे, कोठेंही आलेला फुगवटा, हवा नसतांना बराच वेळ चालविलेला टायर, आणि भेगाळलेलें वा झिजलेलें रबर. दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलीमीटरहून कमी असूं नये असा आपल्याकडे नियम आहे. टायरच्या अंगावर चार आंकडे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला. जुनेपणा त्यावरून कळतो. असाध्य टायरवर दुरुस्तीचा एक पैसाही घालूं नये, आणि नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी. ताणलेली जुनी ट्यूब आंत दुमडते.

येथें उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याच आप्तांतील एका मुलानें दोन महिन्यांच्या टायरला मधोमध एक खिळा लागला म्हणून तो टायर टाकून दिला. हाही अविचारच. रबर सहजासहजीं कुजत नाहीं. टाकलेला टायर वर्षानुवर्षें कोणाच्या तरी परसांत पावसाचें पाणी आणि डांस सांठवीत पडून राहतो. साध्य व्याधीच्या रोग्याला टाकणें आणि असाध्याला लेप लावीत बसणें, या एकाच अज्ञानाच्या दोन तऱ्हा आहेत.

माझी चूक मात्र केवळ अज्ञानाची नव्हती. सायकलवर मी एकटा बसत असें. तिचें ठिगळ सुटलें तर मी ती हातांत धरून चालत घरीं येई. या गाडीवर मी बसणार नव्हतों. ज्याचा देह पणास लागत नाहीं त्यानें केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवावरची बचत होय. एकत्र कुटुंबांत पैसा एकाच्या हातीं असतो आणि धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो, म्हणून वडिलांनीं हें अधिक जपावें. आतां आमच्या घरीं चाकें व ब्रेक यांचा खर्च वहींत निराळा मांडला जातो, आणि निर्णय जो गाडी चालवितो त्याचा असतो.

सूनबाईचा हात बरा झाला. गेल्या महिन्यांत त्याच गाडीच्या नव्या टायरला पुन्हां खिळा लागला. पुतण्या वहीपाशीं येऊन म्हणाला, "काका, छिद्र अगदी मधोमध आहे. ठिगळ पुरे." मीं पैसे काढून दिले, आणि या वेळीं मी कांहीं बोललों नाहीं.