हवेचं ओझं

वळवाचा पाऊस तासगाव-कवठेमहांकाळकडं कसा येतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला फॉर्म्युला वनच्या गाडीचं निम्मं विज्ञान आधीच ठाऊक आहे. पावसाआधी वारा सुटतो, धुळीनं आभाळ लाल होतं आणि एखाद्या शेडचे पत्रे उचकटून शेजारच्या रानात जाऊन पडतात. म्हणून तर आपल्याकडं पत्र्यांवर दगड आणि जुने टायर ठेवतात. वारा आत शिरून पत्रा ढकलतो हे खरंच. पण छपरावरून सुसाट जाणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि पत्रा वर ओढला जातो, हेही तितकंच खरं. आता हे सगळं उलटं करा. वेगवान हवा वरून न जाता खालून जाऊ द्या. ओढ खाली लागेल. रेसिंग कार रस्त्याला चिकटते ती या ओढीनं.

ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांचं पातं आडवं कापून पाहिलं, तर एक बाजू फुगीर, एक चपटी आणि मागची कड निमुळती दिसेल. विमानाचा पंख याच आकाराचा. रेसिंग कारच्या पुढच्या-मागच्या पंखांचा छेदही याच घराण्यातला, फक्त फुगीर बाजू खाली. 1968 मध्ये लोटस आणि फेरारी यांनी गाड्यांना असे पंख लावले. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. ताशी दीडशे ते दोनशे किलोमीटरच्या दरम्यान कुठंतरी हवेचं ओझं गाडीच्या वजनाइतकं होतं, आणि 2025 मधली गाडी ड्रायव्हरसह किमान 800 किलोची होती. ताशी तीनशेला या हिशेबानं किती ओझं पडत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. मला हा हिशेब प्रत्येक वेळी थक्क करतो, कारण या ओझ्याला स्वतःचं वजन नाही. टायर रस्त्यावर दाबले जातात, पण वळणावर बाहेर फेकलं जाणारं वजन वाढत नाही.

सस्पेन्शनची खरी परीक्षा इथं सुरू होते. ऊस भरलेला ट्रक कारखान्याच्या गेटवर उभा असतो तेव्हा त्याचे पाटे बघा. कमान पार सरळ झालेली असते. गव्हाणीत ऊस खाली केला की तोच ट्रक चार बोटं वर उठतो. रेसिंग कारमध्ये हा हवेचा ऊस सरळ रस्त्यावर काही सेकंदांत भरला जातो आणि वळणाआधी ब्रेक दाबताच उतरतो, तेही एका लॅपमध्ये अनेकदा. दरवेळी गाडी ट्रकसारखी खालीवर झाली तर पंख आणि रस्ता यांच्यातलं अंतर बदलेल, आणि अंतर बदललं की हवेचा जोरही बदलेल. म्हणून इथं सस्पेन्शनचं पहिलं काम ड्रायव्हरला आराम देणं हे नाही. गाडीचा तळ ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणं, हे आहे.

तळाला एवढं महत्त्व लोटसनं दिलं. 1977 आणि 1978 च्या त्यांच्या गाड्यांचा तळच उलट्या पंखासारखा होता. 1978 मध्ये मारिओ आंद्रेत्ती त्यावर जगज्जेता झाला. 1983 पासून नियमांनी तळ सपाट करायला लावला. 2022 मध्ये तळाखालचे बोगदे परत आले. बोगदा मध्ये अरुंद असतो, तिथून जाताना हवा वेग घेते, दाब पडतो आणि गाडी खाली ओढली जाते. त्याच वर्षी चाकं 13 इंचांवरून 18 इंचांची झाली. टायरची भिंत बुटकी झाल्यावर पूर्वी टायर जे धक्के पचवत होता, त्यातले बरेच स्प्रिंग आणि डॅम्परवर आले.

मग एक विचित्र गोष्ट घडली. वेग वाढला की तळ खाली ओढला जाई. फट फारच बारीक झाली की हवा अडे, ओढ सुटे आणि गाडी वर उसळे. वर आली की पुन्हा ओढ. सरळ रस्त्यावर गाड्या उड्या मारू लागल्या. याला पॉरपॉइझिंग म्हणतात. त्या वर्षी बाकूच्या शर्यतीनंतर ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनला पाठदुखीमुळं गाडीतून उतरणंही जड गेलं. अखेर 2023 साठी तळाच्या कडा 15 मिलिमीटर वर घ्यायला लावण्यात आल्या. रेड बुलला हा त्रास फार झाला नाही. त्यांच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये पुलरॉड, म्हणजे स्प्रिंगला ओढणारा दांडा होता आणि ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाऊ नये अशा तिरक्या कोनात विशबोन, म्हणजे चाक गाडीला जोडणारे दांडे बसवलेले होते. हे विशबोन हवेच्या वाटेतच असतात. त्यामुळं त्यांचा आकार मागं जाणाऱ्या हवेलाही वळण लावतो.

यामुळंच पंख सुधारला आणि सस्पेन्शन तसंच ठेवलं, असं सहसा चालत नाही. 2024 मध्ये मायामीला मॅक्लारेननं पुढचा पंख, तळ, बाजूचे भाग आणि पुढचं सस्पेन्शन अशा बऱ्याच सुधारणा एकदम आणल्या. त्या शर्यतीत लँडो नॉरिसनं पहिला विजय मिळवला आणि वर्षअखेरीस संघानं 1998 नंतरचं पहिलं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद घेतलं.

किती बारकाव्यानं हे चालतं, ते तळाखालची फळी सांगते. ती 10 मिलिमीटर जाड असते आणि शर्यतीनंतर 9 पेक्षा कमी भरली तर निकाल रद्द होतो. 2023 मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लेक्लेर्क, तर 2025 मध्ये लास व्हेगासला मॅक्लारेनचे दोघंही ड्रायव्हर याच फळीपायी बाद झाले. गाडी जरा खाली धरण्याचा मोह एवढा महागात पडतो. 2026 च्या नियमांत तळाखालचे ते बोगदे गेले आणि त्याऐवजी पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर आपला कोन बदलू लागले.

या विद्येची धाकटी पाती आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये दिसते. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेसाठी मुलं एका सीटची गाडी स्वतः बांधतात. ही स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. पेट्रोल इंजिनाला 710 सीसीची मर्यादा असते आणि चाकाला किमान 50 मिलिमीटर वरखाली हलता आलं पाहिजे, असा नियम असतो. पुष्कळ संघ चाकणला तयार झालेलं केटीएम 390 चं 373 सीसीचं इंजिन बसवतात. या स्पर्धेचे ट्रॅक वळणावळणाचे आणि वेग कमी, त्यामुळं हवेचं ओझं मिळवायला पंख मोठेच करावे लागतात. वाऱ्याचा बोगदा भाड्यानं घेणं कॉलेजच्या बजेटात बसत नाही. त्यावर एक जुना उपाय आहे. बोटभर लांबीचे लोकरीचे धागे पंखावर टेपनं चिकटवायचे, गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवायची आणि शेजारून मोबाइलवर शूट करायचं. जिथं धागे पंखाला चिकटून सरळ मागं पडतात, तिथं हवा चिकटून वाहते आहे. जिथं ते फडफडतात, उलटे वळतात, तिथं हवा पंख सोडून गेलेली असते. मग टेप काढायची, पंखाचा कोन एक अंश उतरवायचा आणि धागे पुन्हा चिकटवायचे.