'ट्रॉपिकल' ऱ्होडोडेंड्रॉन पारोळ्यात का जगत नाही?

उत्तराखंडला फिरून आलेली मंडळी येताना बुरांशच्या सरबताची बाटली आणतात. मग मोबाईलवर रोपाचा शोध सुरू होतो आणि 'ट्रॉपिकल ऱ्होडोडेंड्रॉन' हे नाव दिसते. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण प्रदेशातले, म्हणजे खान्देशात येणारच! आमच्या घरीही असाच हिशेब झाला आणि अझेलियाचे रोप आले. थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

अझेलिया हेही ऱ्होडोडेंड्रॉनच. लिनियसने १७५३ मध्ये पाच पुंकेसरांची अझेलिया आणि दहा पुंकेसरांचे ऱ्होडोडेंड्रॉन असे दोन गट केले होते. पुढे दोन्ही एकाच प्रजातीत आले. त्यात आज हजाराच्या आसपास जाती आहेत.

'ट्रॉपिकल' म्हणून ओळखला जातो तो त्यातला व्हायरेया गट. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी इथल्या तीनशेहून अधिक जाती त्यात येतात. पानाखाली बारीक खवले आणि बीच्या दोन्ही टोकांना शेपट्या, ही त्याची खूण. कित्येक जाती तर ऑर्किडसारख्या झाडाच्या फांदीवर वाढतात. मात्र बहुतेकांचे घर ढगांनी वेढलेल्या थंड डोंगरांवर आहे. नाव नकाशावरून पडले, तापमानावरून नाही.

आपल्या जवळचे उदाहरण निलगिरीतले. तिथे उंचावरच्या शोला जंगलांच्या कडेने आणि गवताळ माळांवर लाल फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉन आहे. जागा उष्ण कटिबंधातली, पण झाड व्हायरेया नाही. ती हिमालयातल्या बुरांशचीच उपजाती आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र ती आढळत नाही.

आता पिवळ्या पानांचे कारण. या झाडांना आम्ल माती लागते, सामू साधारण ४.५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची, सामू सातच्या वर. मातीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. चुनखडीच्या रानात भुईमूग पिवळा पडला की शेतकरी फेरस सल्फेट फवारतात, तोच हा प्रकार. कुंडीत माती बदलता येईल, पण बोअरचे जड पाणी पुन्हा चुना आणते. आणि मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांचे काय करणार?

आमच्या त्या कुंडीत आता सदाफुली आहे.