डोंगराचा हिशेब ब्रासमध्ये मावत नाही

माती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. राज्य सरकारने २०२१ मध्ये माती, मुरूम आणि दगडावरचे स्वामित्वधन ब्रासमागे ४०० रुपयांवरून ६०० रुपये केले. म्हणजे डोंगराच्या कुशीतून १,००० ब्रास माती काढणाऱ्याने ६ लाख रुपये भरले की सरकारदरबारी व्यवहार पुरा होतो. उरणच्या द्रोणागिरी डोंगरावरील माती-उत्खननाविरुद्ध पर्यावरण कार्यकर्त्यांनी गेल्या काही वर्षांत वारंवार तक्रारी केल्या, दरडींचा धोका दाखवून दिला. चर्चा मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: परवाना होता की नव्हता? माझ्या मते प्रश्न त्याआधीचा आहे. रीतसर परवाना घेऊन केलेले उत्खननही गावाला महागात पडते, कारण परवानगी देताना फक्त मातीचा भाव मोजला जातो. डोंगर उतरला की होणारे नुकसान कुठल्याच रकान्यात भरले जात नाही.

कोकणातल्या डोंगरात वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. पावसाचे पाणी मुरमातून झिरपते, पाषाणावर अडते आणि त्या सांध्यावरून उताराकडे वाहू लागते. वरचा थर जागेवर धरून ठेवतो तो पायथा. पोकलेन नेमका पायथ्याशीच लागतो, कारण डंपर तिथपर्यंत जातो आणि माती सर्वांत स्वस्तात तिथेच मिळते. पायथा कापला की उतार तेवढा उभा होतो आणि झाडांच्या मुळांचा आधारही जातो. ज्या उरणमध्ये चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हा धोका पुस्तकी नाही. याच रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. या दोन गावांवरची दरड उत्खननामुळे कोसळली असे मी म्हणत नाही. पण माणसाने न कापलेले उतारही जिथे अतिवृष्टीत टिकत नाहीत, तिथे कापलेल्या उताराच्या भरवशावर वस्ती ठेवायची कशी? इर्शाळवाडीच्या कुटुंबांसाठी पुढे सिडकोला चौकजवळ घरे बांधून द्यावी लागली. दरडीनंतरचा असा खर्च जनतेच्या पैशातून होतो, आणि गेलेली माणसे तर कुठल्याच खर्चाने परत येत नाहीत.

ही माती जाते कुठे, हेही पाहायला हवे. उरण हा खाड्यांचा, मिठागरांचा आणि खाजण जमिनींचा तालुका. जेएनपीटी बंदर, त्यामागून आलेली कंटेनरची गोदामे, सिडकोचा द्रोणागिरी नोड, रस्ते, या सगळ्यांसाठी सखल जमीन उंच करावी लागली. डोंगरावरची माती उतरते ती अशा भरावात. भरतीचे आणि पावसाचे पाणी पूर्वी जिथे पसरत होते ती जागा भरली की पाणी जुन्या गावठाणात शिरते, कारण आता तेच सर्वांत सखल उरलेले असते. एकाच डंपरने डोंगराचा आधार जातो आणि खाडीची जागाही. तरीही उत्खननाची फाइल एका टेबलावर आणि भरावाची दुसऱ्या टेबलावर. दोन्हींचा एकत्र परिणाम तपासणे हे कुणाचेच काम नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो विकासाचा: माती लागणारच, ती आणायची कुठून? माती लागते हे खरे. पण म्हणून ती वस्तीच्या डोक्यावरच्या उतारावरूनच काढली पाहिजे असे होत नाही. ती जागा निवडली जाते कारण वाहतूक स्वस्त पडते. ही बचत ठेकेदाराची आहे. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. १९७० नंतर इथल्या शेतकऱ्यांच्या आणि आगरी-कोळ्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. त्या जमिनींसाठीच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण दिले. शेत आणि मिठागर गेल्यावर अनेक घरांनी डंपर घेतले. आज उत्खनन थांबवा म्हणणे म्हणजे त्यांच्या कर्जाच्या हप्त्यावर घाव घालणे होते. हे मान्य करूनच बोलायला हवे. पण डोंगर किती वर्षे पुरेल? डंपरच्या खेपा संपल्यावर उघडा उतार आणि त्याखालचे घर दोन्ही त्याच कुटुंबाच्या वाट्याला येणार आहेत.

उरलेला आक्षेप असा, की कायदे पुरेसे आहेत, अंमलबजावणी नाही. अंमलबजावणी ढिली आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) मध्ये बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण दंड भरल्याने उतार परत येत नाही. पर्यावरण परवानगीचा इतिहासही पळवाटांचा आहे. पाच हेक्टरांपेक्षा लहान तुकडे पाडून ती टाळली जाते हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात लहान क्षेत्रांनाही ती लागू केली. केंद्राने मार्च २०२० मध्ये रस्ते आणि पाइपलाइनसारख्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला या परवानगीतून सूट दिली, आणि न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती सूट रद्द केली. ती चार वर्षे मात्र डोंगरांनी सोसली.

म्हणून निर्णय कोण घेतो यावर बोट ठेवले पाहिजे. परवाना परिमाणानुसार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी देतात. उरणचे प्रांत कार्यालय पनवेलला. गावाचा आवाज म्हणून जोडला जातो तो ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आणि मूठभर सदस्यांचा ठरावही त्याला पुरतो. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस अनिवार्य केली आहे. रायगड जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही. पण दरडीचा धोका काही अनुसूची पाहून येत नाही. राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत दुरुस्ती करून डोंगरउतारावरील प्रत्येक परवान्याआधी ग्रामसभेची मंजुरी, त्या डोंगरावर आजवर दिलेल्या सर्व परवान्यांची एकत्रित बेरीज आणि भूवैज्ञानिकाचा अहवाल सक्तीचा करता येईल. उतार पुन्हा बांधून काढण्याची अनामत रक्कम स्वामित्वधनाबरोबरच घ्यावी. तिचा आकडा भूवैज्ञानिकाने ठरवावा, आणि तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवल्यावरच हात वर करायला सांगावे.