शस्त्रक्रियेनंतरचं जगणं : मधुमेह, वजन आणि पंगत

आज एक नेमका प्रश्न घेऊ. एखाद्याला मधुमेह आहे, वजन फार आहे आणि त्याने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर त्याचं आयुष्य सुधारलं की नाही, हे कशावरून ठरवायचं? आणि कोणी?

२०११ मध्ये नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मराठी घरांत या विषयाची बरीच चर्चा झाली. आज त्यासाठी खाडी ओलांडावी लागत नाही; नवी मुंबईतही ती होते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. गंमत अशी, की बायपासनंतर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत साखर उतरू लागते. कारण अन्नाचा मार्ग बदलला, की आतड्यातून स्रवणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं वाढतात. म्हणून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिला मधुमेहाच्या उपचारांत स्थान दिलं. आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने कमी धरली. आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो.

आता परिणाम पाहू. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० मधुमेही रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६ टक्के किंवा त्याखाली आणण्याचं लक्ष्य होतं. बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्हवाल्यांपैकी २३ टक्के आणि फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांनी ते गाठलं. रुग्णांना स्वतःच्या आरोग्याविषयीही विचारलं होतं. त्या सर्वसाधारण आरोग्याच्या गुणांत अनुक्रमे १७, १६ आणि ०.३ अशी वाढ झाली. भावनिक स्वास्थ्यात मात्र तशी वाढ दिसली नाही. आपला प्रश्न इथेच सुरू होतो.

आधी एक शब्द नीट करू. ‘मधुमेहातून मुक्ती’ अशा जाहिराती आपण वाचतो. वैद्यकाचा शब्द ‘रेमिशन’ आहे, म्हणजे विराम. औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल, तर विराम. तो काही वर्षांनी संपूही शकतो. ज्याला मुक्ती विकली, त्याला साखर परत वाढली की आपणच नापास झालो असं वाटतं. ज्याला विराम समजावला, तो तपासण्या चालू ठेवतो. शब्दाच्या निवडीने माणसाची पुढची दहा वर्षं बदलतात.

जागतिक आरोग्य संघटना जीवनमानाची व्याख्या करताना माणसाला स्वतःचं आयुष्य कसं वाटतं ते पाहते, आणि तेही त्याच्या संस्कृतीच्या व मूल्यांच्या संदर्भात. आपल्या संस्कृतीत आग्रह आहे! शस्त्रक्रिया झालेला माणूस पंगतीत बसतो. दोन-चार घासांत पोट भरतं. जेवताना पाणी प्यायचं नसतं. गोड खाल्लं तर घाम, धडधड, गरगर होऊ शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम कायमचं मागे लागतं. आणि यजमान म्हणतात, ‘अहो, एक जिलबी घ्याच, आता साखर कुठे आहे तुम्हाला?’ नाही म्हणावं तर अपमान, घ्यावी तर त्रास. पाठीमागे कुजबुज असतेच, ‘व्यायाम झेपला नाही, म्हणून सोपा मार्ग धरला.’

हा मार्ग सोपा नाही, हे आपण आत्ता पाहिलं. इन्सुलिनची सुई सुटणं, पारसिक हिलचा चढ न थांबता चढता येणं, ही कमाई खरी आहे. ती रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळवलेली असते. पण ताटावर बसल्यावर त्याला परकं वाटू नये, हे कुठलाही सर्जन करू शकत नाही. ते आपल्याकडे येतं. तेव्हा घरात असं कोणी असेल, तर ‘किती किलो उतरलं?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कसं वाटतंय?’ असं विचारा, आणि वाढताना त्याचा ‘पुरे’ पहिल्याच वेळी ऐका.