न दिसणारा गॅस सापडतो कसा? (एपिसोडचं लेखी रूप)

वाचत असाल तर स्क्रीनचा ब्राइटनेस जरा कमी करा, रात्रीची गोष्ट आहे.

दिवाळीत झरी जामणीला घरी होतो. लाइट गेली, आम्ही स्लॅबवर. मी बाबांना सांगत होतो की विश्वातल्या साध्या पदार्थाचा जेमतेम दहावा भाग ताऱ्यांमध्ये आणि आकाशगंगांमध्ये आहे. बहुतेक बाकीचा म्हणजे बाहेर पसरलेला विरळ गॅस. बाबा म्हणाले, "दिसत नाही म्हंतं, मंग हाये हे कसं समजलं तुले?"

बरोबर प्रश्न. वावरावर धुकं असलं तरी अंधारात कळत नाही. पलीकडून ट्रॅक्टरचा लाइट आला की कळतं. इथे तो लाइट म्हणजे क्वेसार. दूरच्या आकाशगंगेच्या मधल्या महाकाय कृष्णविवरात पडणारा गॅस तापून झगमगतो, तो. फरक इतकाच की वाटेतला गॅस सगळा उजेड अडवत नाही, ठरावीक तरंगलांब्याच खातो. स्पेक्ट्रममध्ये तिथे काळ्या रेषा पडतात.

आपला हिरो आहे पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. नाव मात्र 'ओ-सिक्स', कारण काहीच न गमावलेल्या अणूला नंबर एक देतात. (ऑफ-बाय-वन एररने आधीच त्रासलेल्या आम्हा कोडिंगवाल्यांच्या जखमेवर मीठ!) त्याच्या रेषा जोडीने येतात: १०३.२ आणि १०३.८ नॅनोमीटर. पहिली दुसरीच्या साधारण दुप्पट ताकदीची. विश्व प्रसरण पावताना दोन्ही एकाच पटीत ताणल्या जातात. ३.३ पट ताणल्या की ३४० नॅनोमीटरच्या आसपास येतात आणि जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसतात. जवळच्या गॅसच्या रेषा इतक्या ताणलेल्या नसतात, त्या हवेतच अडतात. त्यासाठी हबलसारखी अंतराळातली दुर्बीण लागते. उलटंच आहे ना?

पुण्याच्या आयुकातल्या सौगत मुजाहिद, रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच काम केलं. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचे स्पेक्ट्रम, आणि सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीचा गॅस. अडचण अशी की त्याच भागात हायड्रोजनच्या रेषांची नुसती गर्दी असते. एक रेष जुळली म्हणून भागत नाही. जोडीतल्या दोघींचा आकार जुळावा लागतो.

आणि खरं भांडण पुढे आहे. हे पाच इलेक्ट्रॉन उडवले कोणी? सुमारे ३ लाख अंश तापमानातल्या टकरींनी, की क्वेसारांच्या प्रखर अतिनील प्रकाशाने? इथे रेषेची रुंदी कामी येते. गॅस तापलेला असेल तर अणू सैरावैरा धावतात, रेष पसरते. ३ लाख अंशांना ऑक्सिजनची रेष वेगाच्या मापात किमान १८ किलोमीटर प्रति सेकंद तरी पसरायलाच हवी. त्याहून बारीक दिसली, तर गॅस तेवढा गरम नाही, काम प्रकाशाचं. अशा बारीक रेषा सापडल्यासुद्धा आहेत. रुंद रेषेवरून मात्र निकाल लागत नाही, कारण गॅस नुसता ढवळला गेला तरी रेष रुंदावते. आणि निकाल तर हवाच, कारण दिसलेल्या ओ-सिक्सवरून एकूण गॅस किती, हा हिशोब या उत्तरावर बदलतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन ताऱ्यात बनलेलं ऑक्सिजन तिथं बाहेर गेलं कसं?"

तेवढ्यात लाइट आली. ते पुढच्या एपिसोडमध्ये.