जिप्सीशिवायचं जंगल

जंगल म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे पेंच, ताडोबा आणि सफारीची जिप्सी उभी राहते. मग गाडी ठरवा, मध्यरात्रीनंतर निघा, खर्चाची जुळवाजुळव करा. ज्याच्या दारात चारचाकी नाही, तो बहुधा घरीच राहतो. हे वाईट आहे, कारण शहराच्या पश्चिम कडेचं पाणी आणि रान मेट्रो, एसटी आणि दोन पायांच्या आवाक्यात आहे.

मेट्रोची ॲक्वा लाइन प्रजापती नगरहून लोकमान्य नगरला जाते. वाटेत सुभाष नगरच्या आसपास खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो. 1870 मध्ये नाग नदीवर बांधलेला हा तलाव 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या पुराची बातमी वाचलेल्याने एकदा तरी तलावापाशी उभं राहावं. शहर त्याच्या किती खाली वसलंय, ते तिथेच उमगतं. हिवाळ्यात नागपूरच्या तलावांवर पाहुणी बदकं येतात. त्यांतला थापट्या नीट न्याहाळावा. पसरट चोच पाण्यात टेकवून तो गोल गोल फिरतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून किडे, बिया टिपतो. हे धावत्या गाडीतून दिसत नाही, त्यासाठी काठावर अर्धा तास बसावं लागतं. या मेट्रोत सायकल सोबत नेता येते, त्यामुळे स्टेशनच्या पुढचं अंतरही सुटतं.

पण नागपूरचा खरा ठेवा काटोल रोडवर आहे. शहरापासून साधारण दहा किलोमीटरवरच्या जुनापाणीला माळावर काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद केली, तर 1961-62 मध्ये पुरातत्त्व विभागाच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. भर दुपारी ते चटकन दिसत नाहीत. ऊन तिरपं झालं की प्रत्येक खळग्यात सावली साठते आणि ओळ उमटते.

दगड बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दख्खनच्या या थरांची पूर्वेकडची कड नागपूरपाशीच संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, टाकळीला, स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. ती टाकळी आज शहरातच आहे. हिस्लॉप घोड्यावरून हिंडत असे. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. हिस्लॉप कॉलेजला त्याचंच नाव आहे.

पश्चिम कड सोडून रामटेकला जायचं तर इतवारीहून रेल्वेगाडी आहे. टेकडीवर पाचव्या शतकातली वाकाटककालीन नरसिंह मंदिरं आहेत आणि पायऱ्यांवर माकडांचं राज्य. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नये.

मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि त्याआधीपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. मैत्रिणींचा गट किंवा आजी-नातू अशी जोडी अगदी स्वस्तात रानाच्या कडेपर्यंत जाऊ शकते. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. बसमधून उतरल्यावर भरधाव वाहनांच्या कडेने चालावं लागतं आणि बस उशिरा येणार असेल तर सावलीला उभं राहायलाही जागा मिळेलच असं नाही. मोठ्या पर्यटन प्रकल्पांच्या आधी एक पायवाट, एक दिशाफलक आणि एक छपराचा थांबा मागायला हवा. तोवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, दोन बाटल्या पाणी घ्यावं आणि परतीच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी.